तुळयांचा प्रसाद

गेल्या दसऱ्याच्या सुमारास बीदरमध्ये एक चर्चासत्र भरले होते. विषय होता जुन्या घरांतील बांधकाम-साहित्याचा पुनर्वापर. आरंभीचे मंगलाचरण म्हणण्यासाठी मला सन्मानाने बोलावण्यात आले. अशा समारंभांत संस्कृत पढलेल्या वृद्धाचा उपयोग समईएवढाच असतो. प्रारंभी तिला पुढे आणतात, तिच्यासह छायाचित्र काढून घेतात, आणि नंतर कोणाचा पदर पेटू नये म्हणून भिंतीशी सरकवून ठेवतात. मी भिंतीशी बसून सर्व व्याख्याने श्रवण केली.

मुख्य वक्ते फार विद्वान होते. घर पडले तरी त्याचा दगड, लाकूड आणि फरशी मरत नाहीत, ती पुढच्या घरात नांदावयास जातात, हा सिद्धान्त त्यांनी पडद्यावर बाण काढून सिद्ध केला. त्या बाणांचे शेवटी एक वर्तुळ झाले. त्याला चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतात. आमच्या भागात लोक पिढ्यान्‌पिढ्या पडक्या घराची चौकट काढून गोठ्याला लावत आले आणि फुटक्या जात्याची पायरी करत आले. परंतु त्या कृत्याला एखादे नाव द्यावे एवढी बुद्धी कोणास झाली नाही, म्हणून ते बिचारे अज्ञानातच वारले. ज्या सभागृहात हे ज्ञानसत्र चालले होते ते उभारण्यासाठी तेथील धडधाकट दगडी वखार पाडली होती आणि तिचे दगड मागच्या ओढ्यात लोटले होते. हे मी वक्त्यांच्या कानावर घालणार होतो. तेवढ्यात मला शाल, श्रीफळ आणि प्लास्टिकचे एक स्मृतिचिन्ह मिळाले. आणि सत्कार चालू असता सत्य बोलू नये, एवढे शास्त्र मला येते.

मैलूरला घरी परतलो तो भाची ओट्यावर बसलेली. ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. संतपूरच्या अंगणवाडीत काम करते. तिचा नवरा कलबुर्गीकडे फरशीच्या कारखान्यात पॉलिशच्या यंत्रावर असतो आणि शनिवारी घरी येतो. घरी म्हणजे भाड्याच्या खोलीत. खोली पत्र्याची आहे. वैशाखात त्या पत्र्याखाली बसणे हा पंचाग्निसाधनाचा सोपा प्रकार असून त्यासाठी अरण्यात जावे लागत नाही. ती खोलीही आता मालकाला मुलाच्या लग्नासाठी रिकामी हवी होती. वडिलांनी दिलेल्या जागेवर भाचीने दगडमातीच्या भिंती उभ्या करून घेतल्या होत्या. परंतु वर काहीच नव्हते.

“मामा, अण्णा जुनं घर पाडायलाय,” ती म्हणाली. अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा भाचा. संतपुरात त्याची सोयाबीन आणि तुरीची आडत आहे.

“पाडू दे की. वाटणीत त्यालाच आलंय ते.”

“घराचं न्हाई म्हणायलेय मी. तुळया वीटभट्टीला द्यायलाय. जाळायला.”

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. ते घर माळवदाचे होते. सागवानी खांब, खांबांवर आडव्या तुळया, तुळयांवर कड्या आणि फळ्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी आमच्याकडची जुनी छपरे. बाहेर ऊन कितीही कडकडो, आत दुपारी पांघरूण घ्यावेसे वाटते. त्या तुळयांना कीड लागलेली नव्हती की भेग गेलेली नव्हती. भाचीच्या चार भिंतींवर त्या आडव्या पडल्या असत्या तर एक मोठे दालन सहज झाकले गेले असते.

“मग तू मागून घे.”

“मागितलं की. म्हणतोय, दोष हाय त्याच्यात.”

“कसला दोष?”

“ते तुम्हालाच ठाव. शास्त्र तुम्ही शिकलाव. मी लेकरांना अ आ ई शिकवते.” मग थोडे थांबून म्हणाली, “चला की मामा. तो तुमचं ऐकतोय.”

भाचा माझे ऐकतो, हे खरे आहे. तो माझ्या पायांवर डोके ठेवतो, माझे सांगणे हात जोडून शेवटपर्यंत ऐकतो, आणि मग त्याला जे करावयाचे असते ते करतो. एवढी आज्ञाधारकता हल्ली कोठे पाहावयास मिळते! दुसऱ्या दिवशी मी भाचीबरोबर संतपूरच्या बसमध्ये बसलो.

घर अर्धे उघडे झाले होते. अंगणात तुळया शेजारी शेजारी निजवून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यापासून सुरक्षित अंतरावर एक वास्तुतज्ज्ञ उभे होते. शहरातून मुद्दाम आणलेले. गळ्यात रुद्राक्षांची माळ, हातात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये दिशा दाखविणारे यंत्र. आमच्या गुरुजींना दिशा कळण्यासाठी सूर्य आणि शंकू लागत असे. काळ किती पुढे गेला आहे! त्या यंत्रातील काटा मात्र स्थिर होत नव्हता, सारखा थरथरत होता. तज्ज्ञ भाच्याच्या ट्रॅक्टरला टेकून उभे होते, हे त्याचे एक लौकिक कारण असू शकले असते. त्यांनी त्याचे पारलौकिक कारण दिले.

“पाहिलंत? या लाकडांतच निगेटिव्ह एनर्जी आहे. सुई ठरत नाही.”

भाच्याने माझ्या पाया पडून तेच वाक्य मला पुन्हा सांगितले. मग म्हणाला, “मामा, दोन हंगाम झाले धंदा बसलाय. आता कळायलंय कामून ते.”

“सोयाबीनचा भाव पडला म्हणून,” भाची म्हणाली. “साऱ्या तालुक्याचा पडलाय. साऱ्या तालुक्यात काय हीच लाकडं हायत व्हय?”

“तू गप बस गं. मोठी माणसं बोलायलेत.”

मोठ्या माणसांनी बोलावयास सुरुवात केली. तज्ज्ञ मला म्हणाले, “गुरुजी, तुम्ही जाणकार. एका घरात वापरलेलं लाकूड दुसऱ्या घरात वापरू नये, असं शास्त्रात आहे की नाही?”

ते आहे. असत्य मला बोलता येत नाही, म्हणून मी आहे म्हणालो. वास्तुविषयक जुन्या ग्रंथांत असा निषेध आढळतो. मात्र तो जेथे आढळतो तेथेच आणखीही पुष्कळ आढळते, हेही मी नम्रपणे निवेदन केले. वृक्ष तोडण्यापूर्वी त्यावर वसणाऱ्या जीवांची क्षमा मागावी, मुहूर्त पाहावा, अमुक स्थळी उगवलेला वृक्ष घेऊ नये. तेव्हा नव्या घरासाठी जे प्लायवूड आले आहे त्याच्या प्रत्येक पापुद्र्याचा वृक्ष कोठे उगवला होता, आणि त्यावरील पाखरांची क्षमा कोणी मागितली, एवढे कळले तर माझे समाधान होईल.

“प्लायवूड न्यूट्रल असतं, गुरुजी,” ते म्हणाले.

साठ वर्षांपूर्वी पाठशाळेत हा शब्द कोणी शिकविला असता तर कितीतरी वाद लवकर मिटले असते. तरीही जुन्या भिंतींचे दगड तर नव्या घराच्या पायात भरले जात होते. मजूर माझ्या डोळ्यांदेखत भरत होते. त्यांचे काय, असे मी विचारले. पायातले दगड जमिनीखाली जातात आणि त्यांची ऊर्जा वर येत नाही, असे कळले. नवे दगड फार महाग झाले आहेत, हेही भाच्याने ओघात सांगितले. त्याचा या सिद्धान्ताशी काही संबंध असेल असे मी मानत नाही.

“बरं, तुझ्या घरात नको. मग बहिणीला दे,” मी म्हणालो.

“तेच तर सांगायलेत हे. रक्ताच्या नात्यात दोष फिरून येतोय म्हणं. अग्नीला दिलं की सुटलं. मामा, मी तिच्या भल्यासाठीच करायलोय.”

“माझ्या भल्याची लई काळजी हाय तुला,” भाची म्हणाली. “एक दुपार येऊन बस माझ्या पत्र्याखाली. सगळा दोष घामावाटे निघून जाईल.”

ती एका तुळईपाशी गेली. तुळईला मधोमध लोखंडी कडी होती. “हिलाच तुझा पाळणा बांधला होता आणि माझाबी. तवा न्हाई फिरला दोष?”

भाचा तज्ज्ञांकडे पाहू लागला. तज्ज्ञ सुईकडे पाहू लागले. वीटभट्टीवाल्याचा ट्रक सोमवारी यावयाचा होता. म्हणजे त्या सागवानावर कच्च्या विटा भाजल्या जाणार होत्या आणि त्या विटा भाच्याच्या नव्या घरात लागणार होत्या. बीदरच्या पडद्यावरील वर्तुळ याहून अधिक गोल नव्हते.

वादाने हे काम व्हावयाचे नाही, हे मी ओळखले. श्रद्धावंताला श्रद्धेनेच वळवावे लागते. अंगणाच्या कुडापलीकडे बघे जमलेच होते. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी तज्ज्ञांना विचारले, “वस्तू महादेवाला अर्पण केली तर तिचा दोष महादेवाला लागतो काय?”

ते मोठे चतुर गृहस्थ. त्यांनी कुडाकडे पाहिले. व्हय म्हणावे तर गाव ऐकत होते, आणि न्हाई म्हणावे तर माझे काम होत होते.

“देवाला कसा लागेल, गुरुजी,” ते शेवटी म्हणाले.

“मग झालं. तुळया देवळाला दे,” मी भाच्याला म्हणालो. “दानाचं पुण्य तुला, आणि दोष गेला देवाच्या पोटात.”

पुण्य हा शब्द भाच्याला मानवला. जे लाकूड सकाळपर्यंत त्याच्या कुळाचा नाश करीत होते, ते दुपारी दानयोग्य झाले. त्याने लगेच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, नारळ फोडला, आणि देवळाच्या भिंतीवर सागवानी तुळयांचे दान म्हणून आपल्या नावाची पाटी लावता येईल का, याची चौकशी केली. भट्टीला जाळण दिल्याबद्दल पाटी लावण्याची पद्धत नाही. देवाला दिल्याचा हा एक अधिक लाभ.

वाटेत मी भाचीला माझी योजना सांगितली. देवाला अर्पण केलेली वस्तू प्रसाद होते. प्रसादाला दोष नाही, आणि प्रसाद नाकारता येत नाही. देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष माझ्या शब्दाबाहेर नाहीत. ते तुळया प्रसाद म्हणून तुझ्या हवाली करतील.

“लई वळसा झाला की मामा,” ती म्हणाली. “माझ्या भिंती अण्णाच्या मागच्याच गल्लीत हायत.”

“धर्माचा मार्ग वळणाचाच असतो.”

“व्हय. पर वळणावर कुणी भेटू नये म्हणजे झालं.”

सोमवारी आरतीनंतर सभामंडपात कमिटी बसली. तुळया बाहेर पारावर ठेवल्या होत्या. कोणीतरी त्यांना हळदकुंकू वाहिले होते आणि दोन बायका प्रदक्षिणा घालत होत्या. अध्यक्षांचे खताचे दुकान आहे, आणि देवाच्या व्यवहारात ते अत्यंत चोख आहेत. मी उभा राहून विषय मांडला. अर्पण, प्रसाद, गरजवंत कन्या, गृहदानाचे माहात्म्य, असे सर्व क्रमाने सांगितले. अध्यक्षांचे डोळे भरून आले. माझ्या वक्तृत्वाचा असा परिणाम फार दिवसांत झाला नव्हता.

“गुरुजी बोललेत ते सोळा आणे खरं,” ते म्हणाले. “देवाला वाहिलं की प्रसाद झाला. आता गुरुजी, एक विचारतो. प्रसाद एकट्यानं खावा का?”

“खाऊ नये,” मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार!

“वाटून खावा?”

“वाटून खावा.”

“ऐकलं का समद्यांनी? गुरुजींचा निर्णय हाय. घरटी एक तुकडा.”

सभामंडपात जयघोष झाला. माझ्या शब्दाला गावात एवढा मान असेल अशी मला कल्पना नव्हती. भाची खांबाला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या दृष्टीत राग असता तर सोसला असता. पाठशाळेतून पंडित होऊन आलेला बैल पाहावा तशी ती पाहत होती.

मग पारावर जे झाले ते भक्तीचे दर्शन म्हणून अविस्मरणीय आहे. अध्यक्षांनी खडूने तुळयांवर रेघा मारावयास घेतल्या. कोणाला देव्हाऱ्याच्या पाटासाठी तुकडा हवा होता, कोणाला ट्रॅक्टरच्या पुढे बांधावयास. एकाच्या बोअरची मोटर वारंवार जळत होती, त्याला ती तुकड्यावर ठेवावयाची होती. एक भक्त म्हणाला, “हौ, आमच्या वाटणीला गाठीचा भाग नक्को.” सुताराने विजेची करवत आणली होती, आणि ती लावण्यासाठी गाभाऱ्याजवळचा बोर्ड उघडून दिला होता. एवढ्या अखंड, एवढ्या सरळ सागवानाचे असे चौकोनी पेढे करण्याची कल्पना जगाच्या दुसऱ्या कोणत्याही भागात कोणास सुचली असती असे मला वाटत नाही. त्यासाठी देवावर आमच्याएवढी निष्ठा लागते.

रांगेत माझा भाचाही होता.

“तू कशाला आलास?” भाचीने विचारले.

“माझं घरटं न्हाई व्हय गावात? मला मधला तुकडा पाहिजे. कडीचा.” त्याने आवाज उतरवला. “फोन केला होता वास्तुवाल्यांना. म्हणाले, प्रसाद झाला असंल तर ईशान्येला ठेवा. लई पावर असतीय म्हणं.”

भाची वळली. ती सरळ पाराची पायरी चढली, एका तुळईवर जाऊन बसली, आणि खडूची रेघ तिच्या पदराखाली गेली.

“अगं उठ की,” अध्यक्ष म्हणाले. “प्रसादावर बसतेत का?”

“मग काय करतेत?”

“वाटतेत.”

“कसा वाटतेत? मला सांगा अप्पा. शिवरात्रीला पोत्यानं तांदूळ येतोय देवळाला. तुम्ही कच्चा तांदूळ मूठमूठ वाटताव का?”

“छे! भात करताव. पंगत बसवताव.”

“कामून?”

“कच्चा कोण खाईल गं?”

“मग ही काय शिजलेली हायत?” तिने तुळईवर थाप मारली. “हे बी कच्चं धान्यच हाय. लाकूड भिंतीवर चढलं, वर माती पडली, की शिजलं. मग त्याची सावली पडतीय. ती वाटा की. सावलीला करवत लागत न्हाई, आणि कुणाच्या वाट्याला गाठ बी येत न्हाई.”

करवतीचा सुतार हसला. प्रदक्षिणा घालणाऱ्या बायकांपैकी म्हातारी होती ती म्हणाली, “खरं बोलायलीय की लेक. फळकुट घेऊन मी काय चुलीत घालू? मला बसायला गार जागा दिली तर दुपार निघंल.”

“व्हय, पर ती जागा हिच्या घरात,” मागून कोणी म्हणाले. “म्हणजे खाल्ला की हिनं एकटीनं.”

“भात बी एकाच चुलीवर शिजतोय,” भाची म्हणाली. “चूल एकाची हाय म्हणून कुणी उपाशी उठलंय का पंगतीतनं?”

अध्यक्ष विचारात पडले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी आयुष्यात अनेक शास्त्रार्थ पाहिले आहेत. त्यांत उत्तम काय ते मी ओळखतो, म्हणून या वेळी मी मुखातून एक अक्षरही न काढता केवळ मान डोलावली. गेल्या खेपेला बोलून काय झाले ते मी पाहिले होते.

अध्यक्षांनी खडू खिशात टाकला, परंतु गावाचा हक्क सोडला नाही. ठरले ते असे. तुळया भाचीच्या भिंतींवर चढतील. वर माळवद होईल. आणि उन्हाळ्यात दुपारी त्या सावलीत गावातल्या कोणालाही बसता येईल, कारण ती सावली देवाची. भाचीने कबूल केले. तिच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता! एकीकडे पत्रा, तोही जाणारा, आणि दुसरीकडे करवत.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. घर झपाट्याने उभे राहिले. एरवी शेजाऱ्याची खाट उचलण्यास बोलावले तर ज्यांची कंबर धरते, ते सर्वजण प्रसाद उचलण्यासाठी आपण होऊन आले, आणि तुळई खांद्यावर असता शेजाऱ्यापेक्षा आपल्याकडे अधिक भार आहे ना, एवढेच पाहत होते. पांढरी मातीही लोकांनीच आणून टाकली. जुन्या घराची शहाबादी फरशी भाच्याने भराव म्हणून रस्त्याकडेला टाकली होती; भाचीने तीही उचलून आणली. फरशीचा दोष कोणी विचारला नाही, कारण ती पायाखालची. तुळया पुरल्या त्या मोठ्या दालनाला. मागच्या लहान खोलीवर, म्हणजे स्वयंपाकघरावर, नवा पत्रा टाकावा लागला. लग्नघराला खोली मोकळी करून देऊन भाची त्या घरात गेली. मी वास्तुशांती केली. तज्ज्ञांनाही आमंत्रण होते. परंतु त्यांना त्या दिवशी दुसरीकडे दिशा पाहावयाच्या होत्या.

वैशाखात मी तिच्याकडे काही दिवस राहावयास गेलो. जेवण झाले, आणि गाव येऊ लागले. अध्यक्ष उशी घेऊन आले. म्हातारी आली. ताश खेळणारे आले, मोबाइल पाहणारे आले, आणि ज्याची मोटर जळत असे तोही आला. सर्वांच्या आधी माझा भाचा आला आणि दालनाच्या मधोमध, जेथे वारा दोन्ही खिडक्यांतून लागतो, तेथे आडवा झाला. त्याचे नवे घर पूर्ण झाले होते. काचा, टाइल्स, प्लायवूड, ईशान्य मोकळी, सर्व ग्रंथाबरहुकूम. फक्त दुपारी वीज जाते, आणि वीज गेली की ते घर, असे तो म्हणतो, थोडे गरम होते.

“थोडं?” अध्यक्ष डोळे न उघडता म्हणाले. “परवा तुझ्या भिंतीला टेकलो तर पाठीवर टाइलची नक्षी उठली.”

भाची आत पत्र्याखाली होती. मी हे पहिल्या दिवशी पाहिले, दुसऱ्या दिवशीही पाहिले. इतक्या पुरुषांत तिला पाठ टेकता येत नसे. देवाची सावली गाव वाटून घेई, आणि घरधनीण मागे पत्र्याखाली भांडी घाशी. मी तिला म्हणालो, “मी अध्यक्षांशी बोलू का?”

“नका मामा,” ती घाईने म्हणाली. “तुम्ही बोललाव की वाढतंय.”

शनिवारी दुपारी तिचा नवरा आला. कलबुर्गीहून बस बदलत आलेला. केसांत आणि भुवयांत फरशीची भुकटी बसलेली. दारात चपला एवढ्या होत्या की स्वतःच्या काढावयास त्याला जागा शोधावी लागली. आत पाऊल टाकले आणि तो थांबला. मधोमध त्याचा मेव्हणा घोरत होता, भिंतीशी कमिटी पहुडली होती, आणि उरलेल्या जागेत पत्त्यांतले राजा-राणी पडले होते. भिंतीच्या कडेकडेने, कोणाचा पाय तुडवू नये असा, स्वतःच्या घरातून चोरासारखा वाट काढत तो मागे पत्र्याच्या खोलीत गेला.

भाचीने त्याला पाणी दिले. मग हात पुसत ती बाहेर आली आणि भावाच्या उशाशी उभी राहिली.

“अण्णा, उठ.”

“अं? झाली का संध्याकाळ?”

“न्हाई. घरधनी आलाय.”

“मग? दुपार हाय अजून. ठरलंय तसं गावात.”

“सावलीत बसायचं ठरलंय. तू कवापासनं घोरायलास. बसलास की तुझा वाटा राहील, निजलास की माझा.”

कोणीतरी पत्ते खाली ठेवले. भाचा उठून बसला. “आता या उन्हात मी जाऊ कुठं?”

“घरी जा की. तुझी वास्तू दोषमुक्त हाय.”

आधी म्हातारी हसली, आणि मग अध्यक्षांनाही हसू आवरले नाही. परंतु भाची आपल्याकडे वळते आहे असे पाहून त्यांनी उशी काखेत घेतली. “आम्ही बी उठावं म्हणायलीस काय?”

“तुम्ही कमिटी हाव, अप्पा. तुम्ही बसा. बसूनच राहा पर. आणि शनिवार-आयतवार इथं पंगत न्हाई. देवाला बी सुट्टी लागतीय.”

“हे कधी ठरलं?”

“आत्ताच. गुरुजींचा निर्णय हाय.”

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी असा कोणताही निर्णय दिलेला नव्हता. असत्य बोलणे मला वर्ज्य आहे, म्हणून मी मुकाट्याने डोळे मिटून घेतले आणि ध्यानस्थ झालो. चपला पायांत सरकवल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. भाचा सर्वांच्या शेवटी गेला. उंबऱ्यावर थांबून त्याने बाहेरचे ऊन पाहिले, खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला, आणि निघाला.

डोळे उघडले तेव्हा जावई तुळईखाली आडवा झाला होता. भाची उशी घेऊन आली, परंतु ती ठेवीपर्यंत त्याला झोप लागली होती. तिने दार लोटून घेतले, कडी घातली, आणि भिंतीला पाठ टेकून पाय लांब केले. मी माझे आसन उचलून दुसऱ्या भिंतीशी सरकलो, म्हणजे तिला आडवे होण्यास जागा झाली.